शेडमधले माइट्स: आधी रात्री टॉर्च घेऊन आत जा, औषधाचं नंतर बघू

दिवसा चार कोंबड्या उचलल्या, पिसं वर करून बघितली, काही दिसलं नाही, म्हणजे आपल्याकडे माइट्स (कोंबड्यांवर जगणारे अगदी बारीक किडे) नाहीत, असं ठरवून मोकळे झालात तर पुढचे दोन महिने अंडी कमी होत राहतील आणि तुम्ही फीड बदलत बसाल. मी नेमकं हेच केलंय. फीड बदललं, पाण्यातून व्हिटॅमिन दिलं, लाइटचे तास बघितले, तरी तुरे फिकटच, पक्षी संध्याकाळी दांडीवर चढायला तयार नाहीत, खाली कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायचे, आणि मला वाटायचं थंडी वाजतेय. शेवटी एकदा रात्री पाणी प्यायचं निपल गळतंय म्हणून टॉर्च घेऊन आत गेलो, तोल सावरायला दांडीला हात टेकला आणि हात उचलला तर तळहातावर बारीक लाल रेघा. रक्त. कापलं वगैरे काही नव्हतं, मी दांडीवरचे माइट्स चिरडले होते. टॉर्च खाली मारला तर दांडीच्या खालच्या बाजूने मुंग्यांसारखी रांग चालू होती, फक्त मुंगीपेक्षा कितीतरी बारीक.

तर पहिलं काम म्हणजे औषध आणणं नाही. पहिलं काम म्हणजे तुमच्याकडे कोणता माइट आहे हे ओळखणं, कारण एक माइट शेडमध्ये राहतो, दुसरा कोंबडीवर राहतो, तिसरा पायाच्या खवल्यांखाली राहतो, आणि तिघांचा इलाज वेगळा. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात, शेडमधल्या माइटसाठी कोंबडीवर पावडर टाकतात आणि कोंबडीवरच्या माइटसाठी भिंतींवर फवारतात.

लाल माइट, डर्मानिसस गॅलिनी. हा रात्रीचा चोर आहे. दिवसभर दांडीच्या खाचेत, पिंजऱ्याच्या क्लिपमध्ये, अंडी घालायच्या पेटीच्या सांध्यात, फिडरच्या खाली, लाकडाच्या फटीत लपून बसतो, अंधार पडला की बाहेर येतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत. उपाशी असताना राखाडी-पांढरा दिसतो, पोट भरलं की लाल. मोठा झालेला पण जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून दिवसा कोंबडीवर सापडत नाही, सापडला तर समजा प्रकरण फार पुढे गेलंय, फटीत जागा उरलेली नाही.

ह्याच्या वाढीचं गणित डोक्यात पक्कं करा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उबदार दमट हवा मिळाली, म्हणजे २५-३० अंश आणि वर ओलावा, की अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा सगळा प्रवास ७ ते १० दिवसांत होतो. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, त्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं असतं आणि ते रक्त पीतच नाही, पुढच्या अवस्थेपासून पितात. आणि उलट बाजूने, थंड जागेत काहीही न खाता हा सात-आठ महिने जिवंत राहू शकतो. "बॅच काढून दोन महिने शेड रिकामं ठेवलं, सगळे उपाशी मेले असतील" हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलंय, एकेकाळी मी पण म्हणायचो. मेलेले नसतात. वाट बघत असतात.

दुसरा, ऑर्निथोनिसस जातीचे माइट्स, थंड भागात सिल्व्हिएरम आणि गरम भागात जास्त करून बुर्सा. हे कोंबडीवरच राहतात, तिथेच अंडी घालतात, तिथेच वाढतात. सिल्व्हिएरमचं सगळं चक्र आठवड्याभरात पुरं होतं, कधी त्याच्याही आत. ह्यांना शोधायला रात्री जायची गरज नाही. कोंबडी उलटी धरा, शेपटीखाली, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसांच्या बुडाशी काळपट, मळकट, चिकट थर दिसला, कातडीवर खपल्या दिसल्या आणि तुमच्या हातावर काहीतरी चालायला लागलं तर झालं निदान. कोंबडे असतील तर आधी कोंबडे बघा, त्यांच्यावर खूप वेळा जास्त सापडतात. चोच कापलेल्या पक्ष्यांवर पण जास्त, कारण कोंबडी स्वतःच चोचीने पिसं विंचरून माइट्स काढते, चोचीचं टोकच नसेल तर ती तरी काय करणार.

तिसरा पायांचा, क्नेमिडोकॉप्टीस म्युटन्स. पायाचे खवले उचलल्यासारखे, पांढरट खडबडीत, जुन्या झाडाच्या सालीसारखे दिसतात. म्हाताऱ्या पक्ष्यांत जास्त, हळू पसरतो. त्याचं शेवटी बघू.

अजून दोन गोंधळ इथेच मिटवून टाकतो. उवा म्हणजे माइट्स नाहीत. ऊ पिवळसर, दोन-तीन मिलिमीटरची, सहा पायांची, पिसं बाजूला केली की भराभर पळते, आणि तिची अंडी पिसाच्या बुडाशी गुच्छाने चिकटलेली असतात. आणि फटीत माइटपेक्षा खूप मोठं, चपटं, मसुराच्या दाण्यासारखं काही निघालं तर ती गोचीड. ती पण फटीत लपते आणि रात्रीच चावते, त्यामुळे फटी बंद करायचं काम दोघांनाही लागू पडतं, पण औषध विचारताना जनावरांच्या डॉक्टरांना नीट सांगा काय सापडलंय ते. सरळ पारदर्शक चिकटपट्टीवर चार किडे चिकटवून न्या, वादच नको.

आता शोधायचं कसं. रात्री लाइट बंद करून तासभर थांबा, मग टॉर्च घेऊन जा आणि दांडीची खालची बाजू बघा, वरची नाही. दिवसा बघायचं असेल तर सांधे बघा, जिथे दोन पट्ट्या एकमेकांवर येतात तिथे मीठ आणि मिरपूड मिसळून सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसते, ती त्यांची कात आणि विष्ठा. त्यात एखादी काडी किंवा जुनं कार्ड घालून ओढा आणि पांढऱ्या कागदावर झटका, भुकटी हलायला लागली तर जिवंत आहेत. अंड्यावर बारीक लाल ठिपके, कोंबड्या पेटीत न जाता बाहेर अंडी घालतात, रात्री पक्षी अस्वस्थ, पिसं उपटणं वाढलंय, आणि काम करणाऱ्या माणसाला मनगटाला आणि कमरेला खाज, ह्यातलं काहीही असलं तरी टॉर्च उचला. माणसाच्या अंगावर तो घर करत नाही पण चावतो जोरात.

दर आठवड्याची नजर ठेवायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पुठ्ठा. नालीदार पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा दांडीच्या खाली किंवा पिंजऱ्याच्या फ्रेमला बांधायचा, दोन दिवसांनी काढून थेट झिपच्या पिशवीत टाकायचा आणि पिशवी रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी पुठ्ठा पांढऱ्या कागदावर झटकून मोजायचं. अगदी एक-एक मोजायची गरज नाही, "पाच-दहा", "चमचाभर" असं लिहिलं तरी चालतं, फक्त दर वेळी तीच जागा आणि तेवढेच तास ठेवा, नाहीतर आकड्यांना काही अर्थ नाही. एकाच जागी लावू नका, शेडच्या दोन्ही टोकांना, मधे, वर आणि खाली असे सहा-आठ लावा, कारण हे सगळीकडे सारखे पसरत नाहीत, एका कोपऱ्यात वारूळ आणि बाकी शेड स्वच्छ असं बऱ्याचदा असतं. कोंबडीवरच्या माइटसाठी पुठ्ठा फार कामाचा नाही, तिथे दर आठवड्याला वेगवेगळ्या ठिकाणचे निदान दहा पक्षी उलटे धरून बघा.

लाल माइट सापडला, आणि शेडमध्ये पक्षी आहेत. आधी कोरडी सफाई. धूळ, जाळी, पिसं, वाळलेली विष्ठा चिकटून असेल तर त्याच्याखाली कुठलंही औषध पोचत नाही, तुम्ही औषध विष्ठेला पाजताय. ब्रश आणि व्हॅक्यूम दोन्ही वापरा, व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून लांब नेऊन जाळा किंवा पुरा, शेडच्या दारात ठेवून चहाला गेलात तर ते परत चालत येतात, विनोद नाही करत. मग फवारणी. फॉगर मारून धूर केला की मनाला समाधान वाटतं पण धुक्याचे थेंब फटीत जात नाहीत. फटीत जायला प्रेशर लागतं आणि भरपूर पाणी लागतं, नोझल फटीच्या तोंडाशी नेऊन ओलं निथळेपर्यंत मारायचं, दांडीचं खालचं अंग, दांडीची टोकं जिथे भिंतीत घुसतात ती जागा, पेटीच्या बिजागऱ्या.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, दुसरी फवारणी. बहुतेक औषधं माइटची अंडी मारत नाहीत. पहिल्या फवारणीनंतर पुठ्ठा रिकामा येतो, माणूस खूश होतो, डबा कपाटात ठेवतो, आणि अंडी दोन-तीन दिवसांत फुटून आठ-दहा दिवसांत ती पिल्लं स्वतः अंडी घालायला लागतात. म्हणून दुसरी फेरी ५ ते ७ दिवसांनी, एक पण माइट दिसत नसला तरी. खूप लागण असेल तर तिसरी पण, तेवढ्याच अंतराने. मी पहिल्या वर्षी तीनदा "एकच फवारणी" केली, प्रत्येक महिन्यात एक, आणि वर्षाच्या शेवटी माझ्याकडे जास्त हट्टी माइट्स होते एवढंच. कारण अर्धवट मारलेल्यातून जे वाचतात ते त्या औषधाला सरावलेले असतात.

सरावाचं सांगायचं तर, लोक ब्रँड बदलतात आणि म्हणतात औषध बदललं. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सगळी एकाच घरची भावंडं, एकाला सरावलेला माइट दुसऱ्यालाही बऱ्याचदा सरावलेला असतो. बदलायचा असतो तो गट. डब्यावरचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा, फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी वेगळ्या गटाचं घ्या. आणि कुठलंही घ्या, ते कोंबड्यांच्या शेडसाठी, अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी मान्य आहे का आणि औषधानंतर अंडी-मांस किती दिवस विकायचं नाही हे लेबलवर बघून किंवा डॉक्टरांना विचारून मगच. पिकावर मारायचं कीटकनाशक शेडमध्ये मारणं हा प्रकार सर्रास चालतो, तो बंद करा. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये नेमकं ह्याच लाल माइटसाठी शेड साफ करून देताना फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं, जे अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर तिथे चालतच नाही, आणि मग कितीतरी देशांतून लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली, फार्म बंद पडले. त्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आपल्या शेडमध्ये काय मारलंय हे माहीतसुद्धा नव्हतं. म्हणून कोणी "आमचं हर्बल आहे, गॅरंटी" म्हणाला तर आधी डबा दाखव म्हणायचं.

पाण्यातून द्यायचं औषध आता आहे, फ्लुरालानर. कोंबडीच्या रक्तात जातं, माइट रक्त पितो आणि मरतो, त्यामुळे फट कितीही खोल असली तरी फरक पडत नाही. युरोपात २०१७ पासून मान्यता आहे. डोस दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, दोनदा, मधे ७ दिवस. म्हणजे १००० कोंबड्या, सरासरी १.८ किलोच्या, तर १८०० किलो, म्हणजे एका वेळेला ९०० मिलिग्रॅम. अंदाजे वजन धरू नका, पंचवीस-तीस पक्षी खरंच तोलून सरासरी काढा, कमी डोस म्हणजे परत तोच सराव. आणि दुसरा डोस इथे पण चुकवायचा नाही, कारण तेच, माइटची अंडी. तुमच्या देशात मान्य आहे का आणि अंड्यांसाठी थांबायचं का ते डॉक्टर सांगतील, त्यांच्या चिठ्ठीशिवाय ह्याच्या वाटेला जाऊ नका.

रसायन नको असेल तर सिलिका किंवा डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची माती). हे विष नाही, त्याची बारीक भुकटी माइटच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो. म्हणजेच माइटला सराव व्हायचा प्रश्न फारसा येत नाही. पण दोन अटी. एक, जागा कोरडी पाहिजे. हवेत खूप ओलावा असला की भुकटीचा जोर कमी होतो, धुतलेलं शेड पूर्ण वाळायच्या आत टाकली तर चिखल होतो बस. दोन, फुफ्फुसं. तुमची पण आणि कोंबड्यांची पण. मूठ भरून उधळायची वस्तू नाही ती, नीट मास्क लावून फटीत आणि सांध्यात पातळ थर द्या. पाण्यात कालवून फवारायची द्रव सिलिका मिळते ती जास्त बरी, वाळली की पांढरा थर बसतो, धूळ उडत नाही आणि कुठे मारलंय ते दिसतं. वरून पाण्याने धुतलंत की संपलं, परत मारायचं.

बॅच निघाली की खरी संधी. कोंबड्या गेल्या त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिली फवारणी करा, शेड गरम असताना, माइट्स भुकेने हिंडत असताना. आठवडाभर थांबलात तर ते खोल जाऊन बसतात. मग लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) बाहेर, सुट्टे होणारे सगळे भाग सुट्टे, कोरडी सफाई, गरम पाणी आणि डिटर्जंटने प्रेशर वॉश, पूर्ण वाळवणं, परत फवारणी किंवा सिलिका, ह्याच क्रमाने. ४५ अंशाच्या वर तापमान माइटला झेपत नाही, म्हणून काही ठिकाणी अख्खं रिकामं शेड हिटरने ४५ च्या वर नेऊन दोनेक दिवस तसंच ठेवतात. सगळ्यांना परवडणारं नाही, आणि भिंतीच्या आतपर्यंत तेवढी उष्णता पोचली पाहिजे तरच. फ्लेम गन लोखंडी पिंजऱ्यावर चांगली चालते, पण ज्वाला वरवर फिरते, खोल सांध्यात जात नाही, आणि प्लास्टिक, वायर, भुसा आजूबाजूला असेल तर माइटच्या आधी शेड जाईल.

रिकामं आहे तोवर फटी बुजवून टाका, हे एकदाच करायचं काम आहे आणि कुठल्याही औषधापेक्षा जास्त दिवस पुरतं. सिलिकॉन भरा, फटी पडलेलं लाकूड काढून गुळगुळीत धातू किंवा प्लास्टिक लावा, पोकळ पाइपची टोकं बंद करा (पाइपच्या आत अख्खी वसाहत असते, एकदा उघडून बघा म्हणजे रात्री झोप नाही येणार). दांडी भिंतीला न टेकवता पायांवर उभी केली आणि पायांना ग्रीसचा जाड पट्टा दिला तर खालून चढणाऱ्यांची वाट बंद होते, ग्रीसवर धूळ बसली की पुसून नवीन लावायचं. शेडवरची चिमण्या-कबुतरांची घरटी पक्षी उडून गेल्यावर काढा आणि भोकांना जाळी लावा, उंदरांचा बंदोबस्त करा. अंड्यांचे ट्रे, क्रेट, दुसऱ्याच्या फार्मवरून उसना आणलेला पिंजरा, माइट्स ह्यातूनच फिरतात. लाकडी क्रेट तर शेडच्या आत घेऊच नका.

कोंबडीवरच्या माइटला ह्यातलं अर्धं लागू नाही. तिथे औषध शेपटीखालच्या पिसांच्या बुडापर्यंत ओलं पोचलं पाहिजे, वरून पाठीवर फवारलेलं घरंगळून जातं. म्हणून खालून वर, प्रेशरने, एकेक रांग घेऊन, आणि परत ५-७ दिवसांनी. दुपारी लवकर करा म्हणजे रात्रीच्या आत पक्षी वाळतात. मोकळ्या कोंबड्या असतील तर धुळीत लोळायचा खोका हा मला सगळ्यात आवडलेला उपाय, वाळूत गंधक पावडर किंवा डायटोमेशियस अर्थ मिसळून ठेवायची आणि कोंबड्या स्वतःच काम करतात. फक्त एक लक्षात ठेवा, काही कोंबड्या त्या खोक्यात कधीच जात नाहीत, आणि खोका उचलला की त्यांच्यावरून माइट्स परत सगळीकडे, म्हणून खोका ठेवलाय तर तो भरलेलाच ठेवा. हे माइट्स कोंबडीशिवाय दोन-तीन आठवडेच टिकतात, त्यामुळे इथे रिकामं शेड खरंच मदत करतं.

पायाचे माइट्स: पक्षी वेगळा करा, पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने हलकं घासा, पुसा, आणि व्हॅसलीन किंवा खाद्यतेल खवल्यांच्या खाली जाईल असं चोळा. दर दोन-तीन दिवसांनी, काही आठवडे. खवले नखाने उचकटू नका, खाली कच्ची कातडी असते. रॉकेल लावायची जुनी पद्धत आहे ती सोडून द्या, कातडी भाजते. फार पसरलं असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात, त्यानंतर अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत ते त्यांनाच विचारा.

फवारणीच्या दिवशी ग्लोव्हज, मास्क, पूर्ण बाह्या, अंडी आधी गोळा करून बाहेर, फीड आणि पाण्यावर झाकण. बाहेर आलात की कपडे दारातच काढून गरम पाण्यात टाका, आणि गाडीच्या सीटवर बसायच्या आधी आंघोळ. मी एकदा तसाच बसलो होतो, घरच्यांनी चार दिवस गाडीत पाय ठेवला नाही.

दुसऱ्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी त्याच सहा-आठ जागी पुठ्ठे लावा, प्रत्येकावर पेनने तारीख आणि जागा लिहून. सात रिकामे आणि एकात दहा-बारा निघाले तर सगळं शेड परत फवारू नका, त्या एका पुठ्ठ्याच्या आजूबाजूला दोन-तीन मीटरमध्ये कुठेतरी न बुजवलेली फट आहे, ती शोधा. माझी शेवटची सापडली ती लाइटच्या स्विचबोर्डच्या मागे.